नाव नसलेल्या डबीतलं ‘वनस्पतीजन्य’ मलम

डॉक्टर, नमस्कार. मी ३८ वर्षांचा आहे. आठ वर्षांपासून सोरायसिस आहे, दोन्ही कोपरं, गुडघे आणि डोक्यात. त्वचारोगतज्ज्ञांनी लावायला स्टिरॉइडचं मलम दिलंय आणि गेल्या वर्षापासून आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची गोळी. दोन्हींची धास्ती वाटते. तीन महिन्यांपूर्वी एका परिचितानं ‘शंभर टक्के वनस्पतीजन्य’ म्हणून एक मलम आणून दिलं. डबीवर एक अक्षर छापलेलं नाही. पण चार दिवसांत खाज थांबली, आठवड्यात चट्टे सपाट! मधे दोनदा बंद करून पाहिलं तर दुप्पट जोरानं उसळले, म्हणून आता रोज लावतो. सोबत कर्क्युमिन आणि मिरीच्या अर्काच्या कॅप्सूल सुरू केल्यात. आता मेथोट्रेक्सेट सोडून देऊ का? माझ्या चार वर्षांच्या मुलीला कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीत एक्झिमा आहे, तिला हेच मलम चालेल का? बायको म्हणते झाडपाल्यात काही दम नाही, मित्र म्हणतात डॉक्टर लोक मुद्दाम दडवून ठेवतात. खरं काय?
– एक वाचक

नमस्कार.

मुलीला ते मलम लावू नका. एक दिवसही नाही. मेथोट्रेक्सेट स्वतःच्या मनानं बंद करू नका. कॅप्सूल मात्र आजपासून थांबवा. घाईत असाल तर एवढं पुरे. पुढे लिहिलंय ते ‘का’ यासाठी.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही अगदी आनंदानं लिहिलंय: चार दिवसांत खाज थांबली. माझ्या मनात नेमकी तिथंच पाल चुकचुकली. सोरायसिसमध्ये काय होतं? एरवी त्वचेची पेशी खालच्या थरात जन्मून वर येऊन गळून पडायला साधारण महिना घेते. सोरायसिसच्या चट्ट्यात तीच पेशी तीन ते पाच दिवसांत वर येते, अर्धीकच्ची, एकीवर एक थर चढवत. म्हणून ती चांदीसारखी खपली. मागे रोगप्रतिकारक यंत्रणेचा गोंधळ असतो, इंटरल्युकिन-२३, इंटरल्युकिन-१७ असे रासायनिक निरोप सतत चालू राहतात. हा कारखाना मंदावायला वनस्पतीतल्या ज्या संयुगांचा खरोखर अभ्यास झालाय, त्यांना आठवडे लागतात. चार दिवसांत खाज आणि लाली गायब करणारं, थांबवलं की उसळून येणारं आणि डबीवर नाव नसणारं, असं त्रिकूट जुळलं की संशय पहिल्यांदा स्टिरॉइडवर जातो. तोही साध्यासुध्या नाही, जोरकस स्टिरॉइडवर.

हा माझा पूर्वग्रह नाही. १९९९ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी, रुग्ण त्वचारोगावर लावत असलेली ११ ‘हर्बल’ मलमं प्रयोगशाळेत तपासली आणि ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निकाल छापला. ११ पैकी ८ मलमांत डेक्सामेथासोन निघालं. डेक्सामेथासोन म्हणजे चक्क स्टिरॉइड, कुठल्याही झाडावर न उगवणारं. गंमत बघा: तुम्ही डॉक्टरांच्या स्टिरॉइडला घाबरलात आणि बहुधा त्याहून तगडं स्टिरॉइड, किती टक्के ते माहीत नसताना, तीन महिने रोज लावत बसलात. आगीतून फुफाट्यात.

बहुधा म्हणतोय, कारण डबी मी पाहिलेली नाही. पण शहानिशा करता येते. डबी जशीच्या तशी घेऊन येत्या दोन-चार दिवसांत तुमच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. लाजू नका, असं मलम घेऊन येणारे तुम्ही पहिले नाही आणि शेवटचेही नसाल. त्यांना सांगा: किती महिने, दिवसाला किती वेळा, कुठं कुठं, आणि त्यांचं मलमही सोबत लावत होतात का. चट्ट्याभोवतालची कातडी कागदासारखी पातळ झाली आहे का, बारीक लाल शिरा दिसतात का, हे ते बघतील. गरज वाटली तर सकाळच्या कॉर्टिसोलची, म्हणजे शरीर स्वतः बनवतं त्या स्टिरॉइडची, रक्ततपासणी सांगतील, कारण जोरकस स्टिरॉइड बराच काळ आणि मोठ्या भागावर लावलं तर ते अंगात शोषलं जातं आणि मूत्रपिंडावरची, कॉर्टिसोल बनवणारी अधिवृक्क ग्रंथी आपलं काम कमी करते. एका दिवसात सगळं सोडून देण्याचा बाणेदारपणा इथं करू नका. सोरायसिसमध्ये तगडं स्टिरॉइड अचानक तोडलं तर कधी कधी चट्टे पूभरल्या पुटकुळ्यांसह उलटतात. अंगभर लाली पसरली, थंडी-ताप आला, किंवा मलम सोडल्यावर उलट्या, चक्कर, गळून गेल्यासारखं वाटलं, तर भेटीची वेळ ठरण्याची वाट न बघता रुग्णालय गाठा.

आता कॅप्सूल. कर्क्युमिन हे हळदीतलं पिवळं संयुग. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर टाकलं की ते दाह कमी करतं, हे शेकडो शोधनिबंधांत वाचायला मिळेल. पण २०१७ मध्ये औषधरसायनशास्त्रज्ञांच्या एका गटानं या सगळ्या कामाचा कसून आढावा घेतला आणि बोट ठेवलं ते नेमक्या दुखण्यावर: कर्क्युमिन स्वतः चमकतं, दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं, पाण्यात पटकन विघटित होतं. त्यामुळे प्रयोगशाळेतल्या कित्येक चाचण्यांत ते ‘काम करतंय’ असा आभास होतो. शिवाय तोंडानं घेतलेलं कर्क्युमिन रक्तात जेमतेम पोचतं. २००८ च्या एका लहान अभ्यासात सोरायसिसच्या १२ रुग्णांना रोज साडेचार ग्रॅम कर्क्युमिन दिलं, आणि ठरवलेल्या मोजपट्टीवर फरक पडला तो दोघांना. सोरायसिस अधूनमधून आपोआपही ओसरतो, तेव्हा या दोघांचंही श्रेय कर्क्युमिनला द्यायचं की नाही, हा प्रश्नच आहे. पुढच्या काळात शोषण वाढवलेल्या कर्क्युमिनचे काही बरे निकाल आले, पण ते लावायच्या स्टिरॉइडच्या जोडीला देऊन. एकट्याच्या बळावर नव्हे.

मग नुकसान काय, असं तुम्ही म्हणाल. नुकसान त्या मिरीत आहे. कर्क्युमिन रक्तात शिरत नाही म्हणून कॅप्सूलमध्ये मिरीतलं पायपेरिन घालतात. पायपेरिन यकृतातल्या आणि आतड्यातल्या विकरांना (एन्झाइम्सना) अडवतं, म्हणजे कर्क्युमिनबरोबर इतर औषधांचाही हिशेब बिघडवू शकतं. आणि अशा जादा शोषणाच्या हळदीच्या कॅप्सूल घेणाऱ्यांत यकृताला सूज आल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. २०१९ मध्ये इटलीत अशा रुग्णांचा एक झुबकाच समोर आला. तुम्ही मेथोट्रेक्सेटवर आहात. त्या औषधात यकृतावर नजर ठेवण्यासाठीच ठरावीक काळानं रक्त तपासतात. यकृताच्या विकरांची पातळी वाढलेली आली तर दोष गोळीचा की कॅप्सूलचा, हे डॉक्टरांना कळणार कसं, जर कॅप्सूलची गोष्ट तुम्ही सांगितलीच नाही? सांगितली नसेल, असं तुमच्या पत्राच्या सुरावरून वाटतं.

मेथोट्रेक्सेटची भीती मी समजू शकतो. ती नेमकी कशाची असावी तेवढं सांगतो: गोळी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, चुकून रोज घेतली तर जीवावर बेतू शकतं. रक्ततपासणी चुकवायची नाही. तोंड आलं, ताप आला, कोरडा खोकला लागून दम लागायला लागला, तर लगेच कळवायचं. फॉलिक अ‍ॅसिड दिलं असेल तर ते सांगितल्याप्रमाणे घ्यायचं. एवढं पाळलं तर हे कित्येक दशकं वापरात असलेलं, बऱ्यापैकी अंदाज येणारं औषध आहे. नको असेल तर तसं डॉक्टरांशी बोला, पर्याय पुष्कळ आहेत. गुपचूप सोडणं हा पर्याय नव्हे.

आता तुमच्या बायकोचं आणि मित्रांचं भांडण. दोघेही चुकले, हे कळल्यावर दोघेही माझ्यावर चिडतील.

सोरायसिसच्या उपचारांचा इतिहासच मुळी एका झाडापासून सुरू होतो असं म्हटलं तरी चालेल. ब्राझीलमध्ये अरारोबा नावाचं एक झाड आहे. त्याच्या खोडातल्या पोकळ्यांत पिवळट भुकटी साठते. ती खरवडून काढणाऱ्या मजुरांचे डोळे आणि चेहरे सुजायचे, इतकी ती जहाल. पोर्तुगिजांच्या जहाजांतून ती गोव्यात आली, इथं नायट्यावर वापरली जाऊ लागली आणि जगभर ‘गोवा पावडर’ म्हणून ओळखली गेली. १८७८ मध्ये लंडनच्या बाल्मानो स्क्वायर या डॉक्टरनं तिच्यातल्या द्रव्यानं सोरायसिस बरा होतो, हे छापलं. पहिल्या महायुद्धात जर्मनीला ही भुकटी मिळेनाशी झाली, तेव्हा तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी तिच्या धर्तीवर नवं संयुग बनवलं. १९१६ पासून वापरात आलेलं ते डिथ्रॅनॉल. ते अजूनही औषधांच्या पुस्तकात आहे. कातडी आणि कपडे तपकिरी-जांभळे करतं, जास्त वेळ ठेवलं तर जळजळ होते, म्हणून अर्धा तास लावून धुवायची पद्धत निघाली. मूळ भुकटीत किती द्रव्य आहे, ते दर खेपेला वेगळं असायचं. डिथ्रॅनॉलमध्ये टक्का ठरलेला असतो. सारा फरक या एका गोष्टीत आहे.

दुसरं उदाहरण सोरालेनचं, म्हणजे त्वचेला उन्हासाठी हळवं करणाऱ्या वनस्पतीतल्या संयुगाचं. नाईलकाठी उगवणाऱ्या अम्मी माजुस या झाडापासून इजिप्तच्या एल मोफ्टी यांनी १९४० च्या दशकात कोडावर उपचार सुरू केले. १९७४ मध्ये अमेरिकेत तेच संयुग आणि मोजून दिलेले अतिनील-अ किरण यांची जोडी सोरायसिसवर वापरली गेली. तिला पुवा म्हणतात. बावचीतही सोरालेन असतं. पण तेच बावचीचं तेल फासून उन्हात बसलं तर अंगावर भाजल्यासारखे फोड येतात, कारण ना तेलातलं प्रमाण माहीत, ना उन्हाची मात्रा. आणि मोजूनमापून दिलेल्या पुवाचीही फार बैठका झाल्या तर त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे पुढे लक्षात आलं. डॉक्टर लोक दडवतात म्हणणाऱ्या तुमच्या मित्रांना सांगा, ही दोन्ही औषधं त्वचारोगतज्ज्ञांनीच रुग्णांना दिली आणि त्यांचे तोटेही त्यांनीच छापले.

हल्लीच्या गोष्टींत मला सर्वांत रस वाटतो तो निळीत. कपडे रंगवण्याच्या निळीच्या झाडांपासून चीनमध्ये एक औषधी भुकटी बनवतात. तैवानच्या डॉक्टरांनी २००८ मध्ये ४२ रुग्णांवर एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला: एकाच माणसाच्या एका बाजूच्या चट्ट्यावर निळीचं मलम, दुसऱ्या बाजूच्या तसल्याच चट्ट्यावर नुसता मलमाचा आधार, १२ आठवडे. ४२ पैकी ३१ जणांचा निळीकडचा चट्टा गेला किंवा जवळजवळ गेला. दुसऱ्या बाजूला तेवढा फरक पडला नाही. हे जोरदार आहे. पण हीच भुकटी पोटात घेणाऱ्या काही रुग्णांना फुप्फुसाच्या धमन्यांमधला रक्तदाब वाढण्याचा गंभीर आजार झाला आणि २०१६ मध्ये जपानच्या आरोग्य मंत्रालयाला इशारा द्यावा लागला. वनस्पती तीच, संयुगं तीच. कातडीवर लावली तेव्हा एक गोष्ट, गिळली तेव्हा दुसरी.

जाता जाता एक. २०२२ मध्ये अमेरिकेत सोरायसिससाठी टॅपिनारॉफ नावाचं बिनस्टिरॉइडचं मलम मंजूर झालं. द्राक्षातल्या रेझ्वेराट्रॉलच्या रासायनिक कुळातलं हे संयुग, पण सापडलं ते वनस्पतीत नव्हे, जमिनीतल्या सूत्रकृमींच्या पोटात राहणाऱ्या जिवाणूत. वनस्पतीजन्य म्हणून बरं आणि जिवाणूजन्य म्हणून वाईट, असं काही आपल्या त्वचेला वाटत नाही.

कोरफड? तिचा निकाल मला नेहमी हसवतो. डेन्मार्कमधल्या २००५ च्या एका अभ्यासात कोरफडीचा गर आणि नुसता नकली जेल यांची सोरायसिसवर तुलना झाली. नकली जेल लावलेली बाजू कोरफडीपेक्षा थोडी जास्तच सुधारली! म्हणजे जेल बेकार असं नाही. नियमितपणे ओलावा देणारं काहीही लावलं की खपल्या मऊ पडतात, चट्टा बरा दिसतो. ‘मला या पाल्यानं गुण आला’ म्हणणाऱ्या पुष्कळ माणसांना खरा गुण त्या मलमाच्या स्निग्ध आधाराचा आलेला असतो.

तुमच्या मुलीचं दुखणं वेगळं आहे आणि तिच्यासाठी मी मुद्दाम सविस्तर लिहितो. एक्झिमात, म्हणजे अटोपिक डर्माटायटिसमध्ये, मुळात त्वचेची तटबंदी कच्ची असते. फिलॅग्रिन हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकातल्या दोषाचा त्याच्याशी संबंध २००६ मध्ये स्पष्ट झाला. पाणी बाहेर निसटतं, बाहेरचं आत शिरतं, खाज सुटते, खाजवल्यानं तट आणखी पडतो. लहान मुलांची त्वचा पातळ, आणि शरीराच्या मानानं तिचा पसारा मोठा. कोपराच्या घडीत तर लावलेलं मलम जास्त मुरतं. तिथं अज्ञात स्टिरॉइड म्हणजे पातळ कातडी आणि वाढीवर परिणाम, दोन्हींची शक्यता.

तिला जे हवंय ते कंटाळवाणं आहे: बिनवासाचं घट्ट मॉइश्चरायझर, दिवसातून दोनदा तरी, आंघोळीनंतर अंग टिपल्या टिपल्या. आंघोळ कोमट पाण्यानं आणि थोडक्यात. लाली चढली की डॉक्टरांनी सांगितलेलं सौम्य स्टिरॉइड, सांगितले तेवढे दिवस. किती लावायचं याचं माप तुमच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर आहे: ट्यूबमधून त्या पेराएवढी रेघ काढली की साधारण अर्धा ग्रॅम होतं, आणि मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला ते पुरतं. आई-वडील भीतीपोटी याहून फार कमी लावतात, मग गुण येत नाही, मग मलम बदनाम होतं आणि मग नाव नसलेली डबी घरात येते.

वनस्पतींपैकी तिच्यासाठी विचार करण्यासारखं म्हणजे ओट. त्याच्या बारीक दळलेल्या पिठाला अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००३ मध्ये त्वचारक्षक म्हणून मान्यता दिली आणि त्यातल्या अ‍ॅव्हेनॅन्थ्रामाइड या संयुगांचा खाजेवर उपयोग दिसतो. अगदी थोड्या मुलांना ओटचीच अ‍ॅलर्जी निघते, म्हणून आधी लहानशा जागेवर. तेलांमध्ये ऑलिव्ह तेल नको. २०१३ च्या एका अभ्यासात त्यानं चांगल्या त्वचेचाही तट ढिला केला, कारण त्यातलं ओलेइक आम्ल. त्याच अभ्यासात सूर्यफूल तेलानं तसं केलं नाही. इव्हिनिंग प्रिमरोज या फुलझाडाच्या तेलाच्या कॅप्सूलवर पैसे घालवू नका: २०१३ मध्ये कॉक्रेन या संस्थेनं अनेक चाचण्या एकत्र तपासून घेतलेल्या आढाव्यात त्यांचा एक्झिमावर फायदा दिसला नाही, आणि ब्रिटननं तर त्यांचा औषध म्हणून परवाना २००२ मध्येच काढून घेतला होता. टी-ट्री तेल मुरुमांसाठी ठीक असेल, पण उघडी बाटली हवेत जुनी झाली की तेच अ‍ॅलर्जी घडवतं. तिच्या फुटलेल्या कातडीवर नको. कॅमोमाइल, कॅलेंड्युला, अर्निका ही एकाच शेवंतीच्या कुळातली. एकाची अ‍ॅलर्जी तर दुसऱ्याचीही होऊ शकते. आणि कधी एक्झिमाच्या जागी एकसारख्या गोल, टोचल्यासारख्या दुखऱ्या पुटकुळ्या आल्या, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर. तो हर्पिसचा संसर्ग असू शकतो आणि त्याला वाट बघणं परवडत नाही.

तुम्हाला स्वतःला अजूनही वनस्पतीजन्य काही करून बघायचं असेल तर माझी हरकत नाही. चार गोष्टी विचारा. डबीवर घटकांची यादी, प्रमाण आणि बनवणाऱ्याचं नाव आहे का? वनस्पतीच्या नावाबरोबर संयुगाचं नाव आणि टक्का आहे का, की नुसता ‘अर्क’? ते कोणत्या रोगावर, किती आठवडे, कशाशी तुलना करून तपासलंय? आणि ते तुमच्या औषधांबरोबर चालतं का? मग कोपराच्या आतल्या बाजूला चांगल्या कातडीवर, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत, दिवसातून दोनदा असं आठवडाभर लावा. लाली-खाज आली नाही तर एका बाजूच्या चट्ट्यावर लावा, दुसरी बाजू नेहमीच्या औषधावर ठेवा, आणि दर आठवड्याला त्याच उजेडात दोन्हींचा फोटो काढा. तैवानच्या डॉक्टरांनी केलं तेच, घरच्या घरी. सहा-आठ आठवड्यांत फरक नसेल तर सोडून द्या.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सोरायसिसवाल्यांपैकी साधारण पाचांतल्या एकाला, काही अभ्यासांत त्याहूनही जास्त जणांना, सांध्यांचा सोरायसिस होतो. सकाळी उठल्यावर बोटं किंवा कंबर अर्धा तास आखडलेली राहते का? टाच दुखते का? एखादं अख्खं बोट मुळापासून टोकापर्यंत सुजतं का? नखांवर सुईनं टोचल्यासारखे खड्डे आहेत का? यापैकी काही असेल तर त्याच भेटीत सांगा, कारण सांध्यांपर्यंत कुठलंच मलम पोचत नाही, आणि ज्या गोळीला तुम्ही सोडायला निघालात ती बऱ्याचदा सांध्यांच्या दुखण्यासाठीही दिलेली असते.